कोऱ्या रोलची गोष्ट

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीच्या सुटीत लेकाला घेऊन माहेरी, रेवदंड्याला गेले होते. हल्लीच्या मुलांना रोलच्या कॅमेऱ्याचं पुन्हा भारी वेड लागलंय! मामाचा जुना जपानी कॅमेरा माळ्यावरून खाली निघाला, लेकानं मुंबईहून रोल मागवला आणि आजोबा नातवाला रोल भरायला शिकवायला बसले. शिकवता शिकवता म्हणाले, "हे डावीकडचं बटण फिरतंय का, ते बघायचं. नाही फिरलं तर..." आणि एकदम गप्पच झाले. चहा गाळता गाळता मी वळून बघितलं, तर बाबांचा चेहरा उतरलेला.

मला लगेच १९९५ ची नाताळची सुटी आठवली. मी तेव्हा आठ वर्षांची. हाच कॅमेरा मामाकडून मागून आणून आम्ही मुरूड-जंजिऱ्याला गेलो होतो. आमची आजी म्हणजे कडक बाई. आईच्या लग्नाला दहा वर्षं झाली, तरी सुनेला कौतुकाचा शब्द नाही. फोटोला तर ती कधी उभीच राहायची नाही. पण त्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीतून किल्ल्यावर गेलो आणि तिच्या काय मनात आलं कोण जाणे! कलालबांगडी तोफेपाशी तिनं आपणहून आईला हाक मारली, "अगो, ये अशी जवळ." आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मग तटावर, तळ्यापाशी, सगळीकडे सासू-सुनेचे फोटो!

पुढल्या आठवड्यात अलिबागच्या एका स्टुडिओतून रोल धुऊन आला. नारिंगी, काचेसारखी स्वच्छ पट्टी. एकही फोटो नाही! "स्टुडिओवाल्यानंच घोळ घातला असणार," बाबा म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. दोघींचा एकत्र असा एकही फोटो घरात नाही. आईनं त्या स्टुडिओची पायरी पुन्हा म्हणून चढली नाही. माझ्या लग्नाचे फोटोसुद्धा जास्त पैसे मोजून दुसऱ्याकडून काढून घेतले.

खरं काय झालं होतं, ते बाबांनी त्या दिवशी सांगितलं. डबीतून बाहेर आलेली फिल्मची जीभ उजवीकडच्या रिळाच्या खाचेत अडकवायची असते. ती सुटली, की खटका ओढला तरी रीळ रिकामंच फिरतं. वरचा आकडा मात्र इमानेइतबारे पुढे सरकतो, कारण बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत तो फिल्म मोजत नाही, खटके मोजतो. फिल्म आपली डबीत गाढ झोपलेली! बटण फिरत नाही, हे बाबांच्या तोफेपाशीच लक्षात आलं होतं.

"मग उघडून का नाही बघितलंत?" मी विचारलं.

"उजेड लागून सगळेच फोटो गेले तर? शिवाय मेव्हण्याचा कॅमेरा. चारचौघांत कबूल कसं करायचं? आणि तुझी आजी इतकी खुशीत होती, की थांब म्हणवेना."

वाईट वाटतं ते पुढेच. बटण पहिल्यापासून फिरत नव्हतं, म्हणजे फिल्म डबीत सुखरूप होती. सावलीत जाऊन झाकण उघडलं असतं, जीभ पुन्हा अडकवली असती, तर आजीला पुन्हा तोफेपाशी उभं करून छत्तीसच्या छत्तीस फोटो मिळाले असते. दोन मिनिटांचं काम!

रोल भरण्याची ही पंचाईत जगभरची आहे बरं का. म्हणून तर कोडॅक कंपनीनं १९६३ साली इन्स्टामॅटिक कॅमेरा काढला. त्यात फिल्मची बंद डबी नुसती आत बसवायची. जीभ नको, खाच नको.

तुमच्याही घरी कुणी जुना कॅमेरा बाहेर काढला असेल, तर एवढं सांगून ठेवा. रोल सावलीत भरा. फिल्मची भोकं दात्यांवर नीट बसली, की झाकण उघडं असतानाच एक खटका ओढून बघा. झाकण लावल्यावर डावीकडचं बटण बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून ढील काढा. मग दर खटक्याला ते उलटं फिरलंच पाहिजे. सुरुवातीपासून फिरलंच नाही, तर खुशाल उघडा. पण आधी फिरत होतं आणि मधेच थांबलं, तर मुळीच उघडू नका. आत फिल्म फाटलेली असू शकते आणि ती काळोख्या खोलीतच काढावी लागते. आणि छत्तिसाचा रोल चाळिसाव्या फोटोलाही संपेना, तर द्रौपदीची थाळी मिळाली म्हणून हरखू नका!

आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत भिंगाला आणि निगेटिव्हला बुरशी धरते. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. निगेटिव्ह ओल्या फडक्यानं पुसू नका. वरचा थर जिलेटिनचा असतो, तो सुटून येतो.

आई आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "अहो, तीस वर्षं मी त्या बिचाऱ्याला बोल लावला!" दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन ती बाबांना अलिबागला घेऊन गेली. माफी त्यांनाच मागायला लावली. स्टुडिओ आता मुलगा चालवतो. म्हाताऱ्या काकांना तो रोल आठवतही नव्हता! पण वड्या आवडल्या. निघताना आई म्हणाली, "आलोच आहोत, तर आमचा दोघांचा एक काढा."

शाळेत मी बघते, पहिल्याच पायरीला गणित चुकलंय हे कळूनही मूल पुढचं सोडवत जातं. घरातही आपण मोठी माणसं तेच करतो. बटण फिरत नाही असं दिसलं, की तिथंच थांबून सांगून टाकावं. बहुतेक वेळा रोल अजून शाबूत असतो.