वाशिमच्या मुलांची तपासणी वाशिमलाच हवी

तिसरीतला मुलगा फळ्यावरचं ‘घर’ हे ‘धर’ असं वाचतो. ‘मासा’ लिहायला सांगितलं की वहीत ‘भासा’ उतरतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर, ‘र’ कधी डोक्यावर बसणार तर कधी पायाशी. बहुतेक मुलांच्या हे अंगवळणी पडतं, याच्या पडत नाही. हाच मुलगा घरी सोयाबीनच्या पोत्यांचा हिशेब तोंडी बिनचूक करतो. तरी वर्गात त्याला सहसा एकच शेरा मिळतो: ढ.

ही अध्ययन अक्षमता असू शकते. अशा मुलाची बुद्धी शाबूत असते, डोळे-कान ठीक असतात. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणं मात्र त्याच्या मेंदूला जड जातं. प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या अशाच एका हुशार मुलाची नोंद १८९६ मध्ये प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे २००७ साली ‘तारे जमीं पर’ पाहून सगळे रडले. त्या चित्रपटातल्या ईशानसारखा आपल्याच शाळेतला मुलगा मात्र फारसा कुणी शोधला नाही.

महाराष्ट्र सरकारनं १९९६ पासूनच या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र यांचा आधार कित्येकांना मिळाला. पण सवलतीला प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठीच्या तपासणीची सोय आधी उभी राहिली ती मुंबईत, शीवच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी. वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या तांड्यावरून मुंबई पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. मजुरी बुडवून इतक्या लांब कोण जाणार?

कायद्यानं तर वाट मोकळी केली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. केंद्रानं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरवून दिलं, की तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनीच प्राथमिक चाचणी घ्यायची, मग बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांकडे मूल पाठवायचं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी मराठीतही तयार आहे.

इथे एक सावधगिरी हवीच. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारं किंवा आईबापांच्या स्थलांतरामुळे शाळा बुडालेलं मूल वाचनात मागे पडलं, तर ते अक्षमच आहे असं नाही. त्याला हवी असते भाषेची आणि हजेरीची मदत. हा फरक कळायला त्या मुलांत वावरलेला माणूस लागतो. दूरच्या शहरात तासाभराच्या भेटीत तो कळणं अवघड.

वाशिमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. तिथे अध्ययन अक्षमता तपासणीचा विभाग असावा, आठवड्यातला एक दिवस ठरलेला असावा आणि समग्र शिक्षा योजनेच्या विशेष शिक्षकांनी तालुक्यांतून मुलं घेऊन यावीत. जिल्हा परिषदेनं त्यांच्या एसटीच्या भाड्याची तजवीज करावी. प्रमाणपत्र हाती आल्यावर खरं काम सुरू होतं ते शाळेत: रोज अर्धा तास, मोजकी दोन-तीन मुलं, एकेक ध्वनी सुटा करून, बोटानं अक्षर गिरवत शिकवणं. हे तिसरी-चौथीतच व्हायला हवं. दहावीचा अर्ज भरताना धावपळ केली, तर जादा वेळ मिळेल, पण वाचायला शिकायची वर्षं तोवर निघून गेलेली असतील.