वादळापूर्वीचा आदेश

अमेरिकेतील मध्यवर्ती सरकार आणि घटक राज्ये यांच्यातील एका जुन्या वादाला २०२५ च्या प्रारंभी नव्याने तोंड फुटले. नैसर्गिक आपत्तीत राज्यांच्या साहाय्याला जाणाऱ्या ‘फेमा’ या मध्यवर्ती यंत्रणेची फेरतपासणी करण्यासाठी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्या वर्षीच्या जानेवारीत एक मंडळ नेमले आणि आपत्तिनिवारणाचा भार अधिकाधिक राज्यांनीच उचलावा, अशी भूमिका घेतली. भार राज्यांवर टाकणे योग्य की अयोग्य, यावर तेथे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. परंतु ज्या राज्याने हा भार एकदा सपशेल टाकला आणि नंतर तो पेलून दाखविला, त्या लुइझियाना राज्याचा अनुभव नीट पाहिला, तर प्रश्न वेगळाच असल्याचे दिसून येते. भार कोणाचा, यापेक्षा ऐन वेळी आदेश कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

वस्तुतः अमेरिकेत हा भार कायद्याने पूर्वीपासून राज्यांवरच आहे. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार अध्यक्षांनी मोठी आपत्ती जाहीर करावयाची, तर सामान्यतः राज्याच्या गव्हर्नरने तशी विनंती करावी लागते. येथे हे लक्षात घेतले पाहिजे की, अमेरिकेतील गव्हर्नर हा भारतातील राज्यपालासारखा नामधारी नसतो. तो लोकांनी निवडून दिलेला आणि कारभाराची सर्व सूत्रे हाती असलेला, म्हणजे व्यवहारात मुख्यमंत्रीच असतो. अशी आपत्ती जाहीर झाली की सार्वजनिक कामांच्या मान्य खर्चापैकी किमान ७५ टक्के वाटा मध्यवर्ती सरकार उचलते. थोडक्यात, कर्ता राज्य आणि पाठीराखा केंद्र, अशी ही योजना आहे. पाठीराखा कितीही समर्थ असला, तरी कर्त्याने काय हवे ते वेळेवर आणि नेमके सांगितले नाही, तर त्याचे सामर्थ्य वाया जाते.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना चक्रीवादळाने नेमके हेच दाखवून दिले. शुक्रवार, २६ ऑगस्ट रोजी गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी राज्यात आणीबाणी जाहीर केली. शनिवारी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मध्यवर्ती सरकारच्या वतीने आणीबाणीची घोषणा केली. त्याच रात्री राष्ट्रीय वादळ केंद्राच्या संचालकांनी गव्हर्नर आणि न्यू ऑर्लिन्सचे महापौर रे नेगिन यांना दूरध्वनी करून धोक्याची तीव्रता सांगितली. तरीही शहर सक्तीने रिकामे करण्याचा आदेश रविवारी सकाळी निघाला. शहरातील हॉटेले व व्यवसाय बंद केल्यास नुकसानभरपाईचे दावे शहरावर येतील काय, याचा खल मध्यंतरी चालू असल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. सोमवारी सकाळी वादळ किनाऱ्यावर आदळले, पूररोधक बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. इशारा होता, घोषणा होत्या. परंतु निर्णयाला एक रात्र उशीर झाला आणि ती रात्र पुन्हा मिळणार नव्हती.

राज्याने काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. महामार्गांच्या दोन्ही बाजूंच्या मार्गिका एकाच दिशेने, शहराबाहेर वळविण्याची योजना लुइझियानाने मिसिसिपी या शेजारच्या राज्याशी आधीच ठरवून ठेवली होती. आधीच्या वादळांत झालेल्या वाहनकोंडीपासून घेतलेला तो धडा होता. शनिवारी दुपारी ही योजना अमलात आली आणि दहा लाखांहून अधिक माणसे सुखरूप बाहेर पडली. ज्यांच्याजवळ मोटार होती, त्यांच्यापुरता राज्यकारभार उत्तम चालला. प्रश्न राहिला तो मोटार नसलेल्यांचा. अशी माणसे शहरात एक लाखाच्या आसपास असावीत, हा अंदाज सरकारी कागदपत्रांत आधीच नोंदलेला होता. जुलै २००४ मध्ये ‘पॅम’ नावाच्या काल्पनिक वादळावर राज्याच्या आणि केंद्राच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून रंगीत तालीमही केली होती. परंतु या तालमीचे पुढील काम पैशाअभावी रेंगाळले. जे ठाऊक होते ते कोणाचे काम, हे मात्र ठरले नाही.

एकाच राज्य सरकारच्या दोन खात्यांची त्या आठवड्यातील कामगिरी या दृष्टीने बोधप्रद आहे. एप्रिल २००५ मध्ये राज्याच्या आपत्ती आराखड्यात बदल करून, वाहन नसलेल्यांना हलविण्याची प्रमुख जबाबदारी परिवहन खात्याकडे देण्यात आली होती. कागदावर सही झाली, पण बसगाड्या कोठून आणावयाच्या, चालक कोण आणि त्या उभ्या कोठे राहतील, याची कोणतीही तयारी त्या खात्याने केली नव्हती, असा ठपका अमेरिकन सिनेटच्या चौकशी समितीने पुढे ठेवला. शहरातील शाळांच्या बसगाड्या पुरात उभ्या असल्याची छायाचित्रे जगभर छापून आली, ती या बेपर्वाईचीच साक्ष होती. याउलट, वन्यजीव व मत्स्य खात्याकडे शोध व सुटकेचे काम होते. त्याच्या माणसांना नौका चालविण्याचा सराव होता, आपले काम कोणते हे ठाऊक होते, आणि वादळ ओसरताच ती कोणाच्या हुकमाची वाट न पाहता पाण्यात उतरली. त्यांनी हजारो लोकांना वाचविले. खाती एकाच सरकारची होती; फरक होता तो आधी रुजलेल्या जबाबदारीचा.

मदत मागण्याच्या बाबतीतही हेच घडले. जे असेल ते सर्व पाठवा, अशा आशयाची विनंती गव्हर्नरांनी अध्यक्षांना केली. संकटात सापडलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द स्वाभाविक आहेत. परंतु नोकरशाहीच्या दृष्टीने ‘सर्व काही’ या मागणीचा अर्थ ‘काहीच नाही’ असा होतो. किती बसगाड्या, कोठे, केव्हा आणि कोणाच्या ताब्यात द्यावयाच्या, हे लिहून द्यावे लागते. ‘फेमा’ने बसगाड्यांचे आश्वासन दिले, राज्य त्यावर विसंबून राहिले, गाड्या मात्र दिवसामागून दिवस आल्या नाहीत. अखेर शाळांच्या बसगाड्या ताब्यात घेण्याचा हुकूम गव्हर्नरांना काढावा लागला. वादळ सोमवारी आले. सुपरडोम या क्रीडागारात आश्रयाला गेलेल्या हजारो लोकांची पूर्ण सुटका होण्यास त्या आठवड्याची अखेर उजाडली.

याच सुमारास सैन्यावर हुकमत कोणाची, हा वाद उपस्थित झाला. राज्याचे नॅशनल गार्ड दल आणि मध्यवर्ती सैन्य एकाच सेनाधिकाऱ्याच्या हाताखाली आणावे, असा प्रस्ताव व्हाइट हाउसने शुक्रवारी रात्री पाठविला. गव्हर्नरांनी तो नाकारला. घटनेच्या दृष्टीने त्यांची बाजू चुकीची होती, असे म्हणता येणार नाही. राज्याच्या ताब्यातील गार्डला पोलिसांची कामे करता येतात. मध्यवर्ती सैन्यावर मात्र कायद्याने त्याबाबत बंधने आहेत. शिवाय, राज्याराज्यांतील परस्पर साहाय्याच्या करारानुसार अन्य राज्यांतून हजारोंच्या संख्येने गार्ड येतच होते. परंतु असा वाद आपत्तीच्या पाचव्या दिवशी मध्यरात्री सोडविण्याचा नसतो. तो आपत्तीच्या आधी, शांत डोक्याने, कागदावर मिटविलेला असावा लागतो.

लुइझियानाच्या समर्थकांचा युक्तिवाद असा की, बांध मध्यवर्ती लष्करी अभियंता दलाने बांधले होते; ते फुटले नसते, तर हा अनर्थ टळला असता. हा युक्तिवाद खरा आहे आणि तो नजरेआड करता येत नाही. मात्र बांध फुटण्याचे उत्तरदायित्व केंद्राचे म्हणून, बांध फुटल्यावर माणसे कोठे असावीत हे ठरविण्याच्या उत्तरदायित्वातून राज्य सुटत नाही. लुइझियानातील मृतांपैकी जवळजवळ निम्मी माणसे पंचाहत्तरी ओलांडलेली होती. सेंट बर्नार्ड परगण्यातील एका वृद्धाश्रमात ३५ वृद्ध बुडून मेले. ज्यांना स्वतः हलता येत नाही, त्यांना हलविण्याचा निर्णय ज्याने त्याने घ्यावा, असे म्हणणे ही शासनसंस्थेची माघार होय.

हे सुधारणे अशक्य नव्हते, याचा पुरावा त्याच राज्याने तीन वर्षांनी दिला. २००८ च्या ऑगस्टअखेरीस गुस्ताव्ह वादळ येऊ लागले, तेव्हा शहरात ठराविक ठिकाणी लोकांना गोळा करून बसगाड्या आणि आगगाड्यांनी बाहेर नेण्याची व्यवस्था तयार होती. दक्षिण लुइझियानातून वीस लाखांच्या आसपास लोक बाहेर पडले. गुस्ताव्ह हे कॅटरिनाइतके विध्वंसक ठरले नाही, त्यामुळे दोन्ही वेळच्या जीवितहानीची सरळ तुलना करणे योग्य नाही. पण वाहन नसलेला माणूस या वेळी सरकारच्या हिशेबात होता, एवढे निर्विवाद आहे.

भारताच्या दृष्टीने हा दूरदेशीचा इतिहास नव्हे. येथेही संघराज्यपद्धती आहे, येथेही आपत्तीत पहिले पाऊल राज्याने टाकावयाचे असते आणि बहुतेक राज्यांच्या आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या राज्याने त्याच वर्षअखेर आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारले, निवारे बांधले, स्वतःचे शीघ्र कृती दल तयार केले आणि विशेष मदत आयुक्तापासून गावपातळीपर्यंत आदेशाची साखळी निश्चित केली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते. मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. ओडिशा हे लुइझियानाहून कितीतरी गरीब राज्य आहे. पैशाने जे होत नाही ते पूर्वनिश्चित अधिकाराने होते, हे ओडिशाने सिद्ध केले.

महाराष्ट्राने या अनुभवाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. कॅटरिनाच्या अवघा महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई ठप्प झाली. त्याच वर्षी देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ने रायगड आणि रत्नागिरीच्या बागा व घरे उद्ध्वस्त केली. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’चा इशारा हाती असूनही पी-३०५ हा तराफा मुंबईजवळच्या समुद्रातच राहिला आणि साठांहून अधिक कामगार-कर्मचारी बुडाले. तराफा हलविण्याचा अखेरचा शब्द कोणाचा, याची चर्चा माणसे बुडाल्यानंतर झाली. २०२५ च्या कायदेदुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र नागरी प्राधिकरणाची तरतूद केली आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु मुंबईसारख्या शहरात महापालिका, जिल्हाधिकारी, रेल्वे, बंदर आणि पोलीस अशा अनेक सत्ता एकाच वेळी नांदत असताना, त्यांत आणखी एका प्राधिकरणाची भर पडल्याने आदेश अधिक स्पष्ट होतो की अधिक विखुरतो, हे पाहिले पाहिजे.

समन्वय हा शब्द सरकारी परिपत्रकांत फार स्वस्त झाला आहे. बैठक भरली, इतिवृत्त लिहिले गेले, की समन्वय झाला असे मानण्याची प्रथा आहे. खरा समन्वय म्हणजे, माहिती अपुरी असताना निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला, आणि तो निर्णय पुढे चुकीचा ठरल्यास त्याला संरक्षण कोणते, हे आधी ठरविणे. वादळ भरकटले आणि रिकामी केलेली गावे कोरडी राहिली, तर अधिकाऱ्याला हसणारा समाज पुढच्या वेळी त्याला उशीर करावयास शिकवितो. म्हणून रिकाम्या गेलेल्या आदेशाबद्दल अधिकाऱ्याला दोष न देण्याची सवय शासनाने आणि नागरिकांनीही लावून घ्यावयास हवी. वस्तीतील शाळा निवारा म्हणून कोणाच्या सहीने उघडावयाची, तिची किल्ली कोणाजवळ आणि अंथरुणावर खिळलेल्या वृद्धाला तेथे कोण आणणार, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक किनारी तालुक्यात पावसाळ्यापूर्वी तयार असतील, तर केंद्र आणि राज्य यांच्या वादात कोण जिंकतो याची चिंता सामान्य माणसाला करावी लागणार नाही.