मडक्याखाली कोणाचं नाव?



'मेड इन यूएसए'चा इथला विनोद आपण सगळ्यांनीच ऐकलाय: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! खरं-खोटं पारखून घ्यायची सवय या बाजाराने आपल्याला लावली. खऱ्या अमेरिकेतही अशी पारख चालते, मातीच्या भांड्यांची. प्युब्लो आणि नावाहो आदिवासींची हाताने घडवलेली भांडी संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. भलत्याच कोणाचा माल आदिवासींचा म्हणून विकणं तिथे १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे.

न्यू मेक्सिकोतल्या सॅन इल्डेफॉन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ १९८० साली वारल्या. चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक रचून त्या भांडं उभं करत. त्यावरची नक्षी नवरा ज्युलियन काढी. पण भांडी घडवणं हे प्युब्लोंमध्ये बायकांचं काम मानलं जाई, म्हणून सुरुवातीला खाली सही एकट्या मारियांची असे. ज्युलियनचं नाव मागाहून आलं. आज संग्राहक भांडं उलटं करून आधी सही बघतो.

आपण माठ वाजवून घेतो आणि भाव पाडून घेतो. अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात संक्रांतीची सुगडं घेऊन बसलेली बहुधा बाईच असते. माती चाळणं, खडे वेचणं, भिजवणं, तुडवणं, गेरूचा हात देणं, भट्टी रचायला मदत आणि वर ही विक्री. चाकाला मात्र बहुतेक ठिकाणी तिने शिवायचं नाही. चाकावर बसतो तो कुंभार, ती कुंभाराची बायको!

१७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये, दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. पण नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब, आणि त्यातल्या एकाच व्यक्तीला लाभ. ते नाव कोणाचं लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपणही यातून सुटत नाही. प्रदर्शनात 'अस्सल हस्तकला' अशी चिठ्ठी दिसली की मुकाट पैसे मोजतो, आणि सुगडांच्या पाच रुपयांसाठी घासाघीस करतो.

तेव्हा तिन्ही शहरांतल्या गटांनी येत्या संक्रांतीला एवढं करावं. सुगडं घेताना विकणारीला तिचं नाव विचारावं. घरात कोणतं काम कोण करतं ते तिच्याच तोंडून ऐकून, तिची हरकत नसेल तर, वहीत लिहावं. नवरा-बायको दोघांचीही कारागीर म्हणून नोंद व्हावी, या मागणीच्या निवेदनाला त्या वह्या जोडायच्या आहेत. पुढच्या अंकाच्या आत त्या आमच्याकडे पोचवा.