ट्रॉलीच्या पाट्यांची जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, आणि निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या वाहनातून हौशी प्रवाशांना सुखाने भ्रमण करता यावे, एतदर्थ वाहनतळापासून नोंदणीपर्यंतच्या बाबींचा रीतसर विचार झाला. हे योग्यच झाले. तथापि चाकांवर संसार लादून दरसाल घराबाहेर पडणारा जो जनसमुदाय बीड जिल्ह्यात आहे, तो हौसेने निघत नाही. आणि त्याच्या वाहनाखालच्या पोलादाकडे तितक्याच आस्थेने पाहण्याची निकड त्या पर्यटकांच्या सोयीहून खचित कमी नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगराळ मुलुखातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव या प्रांतांकडे निघतात, तेव्हा ट्रॅक्टरमागील दोन ट्रॉल्यांत कोयते, धान्याची पोती, भांडीकुंडी, कोपीचे, म्हणजे झोपडीचे, बांबू, शेळ्या आणि या सर्वांच्या वर लेकराबाळांसह माणसे बसलेली असतात. उसासाठी बांधलेली ट्रॉली अशा रीतीने काही काळ मोटारगाडी आणि घर अशी दोन्ही होते. रस्त्याचा हादरा आणि हे घर यांच्यामध्ये असतात ते केवळ पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांचे संच.

पाटा अकस्मात तुटला असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः तो अकस्मात क्वचितच तुटतो. तुटलेल्या पाट्याचे तोंड न्याहाळावे: बहुधा त्याचा काही भाग गंजून काळवंडलेला आणि उरलेला भाग ताज्या धातूसारखा चकाकणारा दिसतो. काळवंडलेला भाग हा जुन्या भेगेचा, चकाकणारा भाग शेवटच्या धक्क्याचा. आणि त्या दोहोंमध्ये जो काळ गेला, तोच तपासणीचा वाया गेलेला काळ होय. ही भेग पुष्कळदा पट्ट्यांना मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी सुरू होते, कारण तेथे पट्टीची रुंदी छिद्रामुळे घटलेली असते आणि संच ॲक्सलशी आवळून धरणारे यू-बोल्ट सैल पडले की संचाला मध्यभागी मिळणारा आधार जाऊन वाकण्याचा सारा ताण नेमका तेथेच येतो.

हे दोष ओळखण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रिकामी ट्रॉली सपाट जागेवर उभी करून चासी आणि ॲक्सल यांमधील अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. एका बाजूस ते कमी भरले तर तिकडचे पाटे बसले आहेत असे समजावे. यू-बोल्टच्या बैठकीपाशी तांबूस भुकटी किंवा घासून उजळलेला धातू दिसला, तर तेथे पोलादावर पोलाद घसरत आहे. ट्रॉली सरळ रस्त्यावरही तिरकी ओढली जात असेल आणि टायर एकाच कडेने झिजत असतील, तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल जागचा सरकला असण्याचा संभव असतो. पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलचा बुश झिजला आहे की नाही, हे पहारीने उचकून पाहताच कळते. ज्या पाट्याविषयी शंका असेल तो तारेच्या ब्रशाने स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावावे, कोरडे पुसून घ्यावे आणि खडू फासावा. भेग असल्यास आतले रॉकेल झिरपून खडूवर तिची ओली रेघ उमटते.

उपचाराच्या बाबतीत मात्र घाईने केलेली दुरुस्ती पुष्कळदा मूळ दोषाहून घातक ठरते. पाट्याचे पोलाद तापवून, विझवून आणि पुन्हा बेताच्या उष्णतेवर आणून त्याला पाणी दिलेले असते. तुटलेल्या जागी वेल्डिंगचा टाका मारला की ते पाणी उतरते, आणि टाक्याच्या कडेला ठिसूळपणा येऊन पाटा पुन्हा तेथेच दगा देतो. जादा उसासाठी वाढीव किंवा अधिक जाड पाटा चढविणे हाही तसाच फसवा उपाय होय, कारण त्याने ॲक्सल, बेअरिंग आणि टायर यांची ताकद तिळमात्र वाढत नाही. शिवाय त्याच लांबी-रुंदीच्या पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढत असल्यामुळे, दुप्पट जाडीचा पाटा आठपट ताठर होऊन बसतो. नवे यू-बोल्ट घातल्यावरही पहिल्या काही खेपांनंतर ते पुन्हा आवळावे लागतात, आणि नेमके तेवढेच काम राहून जाते.

या ताठरपणाचे फळ कोणाच्या पदरी पडते? अनेक टन उसाच्या भाराने जे पाटे जेमतेम वाकतात, ते दहा-पंधरा माणसे आणि त्यांच्या सामानाच्या वजनाला मुळीच दाद देत नाहीत. सबब रस्त्यावरील प्रत्येक खड्डा गरोदर बाईच्या आणि तान्ह्या मुलाच्या अंगापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. जातानाच्या प्रवासाची चिंता थोडीफार होते, पण त्याहून अधिक धोक्याचा प्रवास परतीचा असतो. हंगामभर क्षमतेहून अधिक ऊस वाहून थकलेले तेच पाटे घेऊन ट्रॉल्या मार्च-एप्रिलमध्ये धारूरसारखा अरुंद घाट ओलांडतात, आणि त्या वेळी घरच्या ओढीत चाकाखाली वाकून पाहण्यास कोणालाही सवड नसते.

कायद्याचा आधार घ्यावा, तर तेथेही एक फट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये योग्यतेचा दाखला परिवहन वाहनांना सक्तीचा आहे. परंतु १९८९ च्या केंद्रीय नियमांत शेतीचा ट्रॅक्टर परिवहन वाहनांत मोडत नाही. शेतकऱ्याला दिलेली ही सवलत रास्तच आहे. मात्र तिच्या आडोशाने शेकडो मैलांची मजूर-वाहतूक तपासणीवाचून चालावी, हा तिचा हेतू खास नव्हता.

वाहनमालक म्हणेल की, ट्रॉलीचे हप्ते डोक्यावर असताना नव्या पाट्यांचा खर्च आणि दुरुस्तीत बुडणाऱ्या खेपा त्याने कोठून सोसाव्यात? त्याची ही कैफियत खोटी नाही, आणि म्हणूनच ही जबाबदारी त्याच्या एकट्याच्या माथी मारून भागणार नाही. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यावेत, या तत्त्वावर लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या निधीची तजवीज झालेली आहे. प्रस्थानापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे विद्यार्थी आणि पाट्यांच्या कामात मुरलेले स्थानिक मिस्त्री यांच्याकरवी मोफत तपासणी करण्यास या निधीतील अल्पसा अंशही पुरावा. अशीच दुसरी तपासणी परतीच्या आधी कारखान्याच्या आवारात व्हावी.

कारखाना वाहतूकदाराशी करारनामा करतो, त्यात उसाची वजने, दर, आगाऊ रक्कम आणि तिची वसुली यांची कलमे काटेकोरपणे लिहिलेली असतात. त्याच करारनाम्यात आणखी एक कलम घालावे: पाट्यांच्या तपासणीचा दाखला दोन्ही प्रवासांपूर्वी सादर झाल्यावाचून ट्रॉलीत एकही माणूस बसविला जाणार नाही, आणि दाखल्यातील दोषाचा खर्च कारखाना व वाहनमालक यांनी निम्मा-निम्मा सोसावा. उसाच्या एका मोळीचा हिशेब जो कारखाना चुकू देत नाही, त्याला या कलमाची अंमलबजावणी अवघड वाटण्याचे काही कारण नाही.