पाऊस लागण्याआधी शेतातली माती तपासून घ्या!

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे तालुक्यांतल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

2018 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणी थांबल्या, उपसलेल्या मातीचे डंप मात्र तिथेच राहिले. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती उपसली जाते, आणि तीच दर पावसाळ्यात ओहोळांवाटे आपल्या शेतांत, कुळागरांत उतरते. डिसेंबर 2022 पासून पट्ट्यांचा नव्याने लिलाव सुरू झाला आहे. म्हणून कळकळीची विनंती : आपल्या जमिनीत आज काय आहे, याची लेखी नोंद आताच करून ठेवा. उद्या भरपाई मागायला गेलात, तर 'हे आधीपासूनच नव्हते कशावरून?' असे विचारले जाईल. तेव्हा हातात कागद हवा.

वरचा गाळ खरवडून काढला की शेत मोकळे झाले, असे समजू नका. आपल्या खनिजात लोहाबरोबर मँगनीजही असते. भातशेतात पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू संपतो आणि एरवी मातीला धरून असलेले हे धातू विरघळून मुळांवाटे रोपात चढतात. पाने तांबूस पडतात, मुळांवर गंजासारखा थर बसतो, फुटवे कमी येतात. आपली जमीन मुळातच आम्ल असल्याने हा धोका आणखी वाढतो.

मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यातल्या 12 घटकांत लोह, मँगनीज, जस्त, तांबे आहेत, पण ते पिकाला कमी पडतात का, हे पाहण्यासाठी. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक तिच्यात नाहीतच. ही तपासणी एकेका धातूचे नाव घेऊन मागावी लागते.

ओहोळाचे पाणी जिथे शेतात शिरते तिथली माती घ्या आणि गाळ कधीच पोचला नाही अशा जागेचीही घ्या. तुलनेशिवाय आकड्यांना अर्थ नाही. वीतभर खोल खणा. लोखंडी कुदळ वापरू नका, नाहीतर तिचेच लोह नमुन्यात उतरेल. पिशवीवर सर्व्हे क्रमांक आणि तारीख घाला. हे सारे पंचायतीच्या माणसांसमोर करा.

खर्चाचे काय? जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी खाणबाधित गावांसाठीच आहे. येत्या ग्रामसभेला घरातले सगळे या, या निधीतून माती आणि विहिरींच्या पाण्याची तपासणी करण्याचा ठराव मांडा, आणि तो इतिवृत्तात लिहिला गेल्याशिवाय सभेतून उठू नका.