खैराला परवाना, बाभळीला मोकळीक : बांधावर टिकले कोण?



बाभूळ आणि खैर एकाच काटेरी भावकीतले. बाभूळ काळ्या रानात, ओढ्याकाठी. काटा लांब, सरळ, पांढरा. शेंग मण्यांच्या माळेसारखी. खैर मुरमाड माळावर, डोंगरउतारावर, काटा आखूड, आकड्यासारखा, शेंग चपटी. निसर्गाने दोघांत एवढाच फरक केला. बाकीचा सरकारने.

१९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत खैर आहे, बाभूळ नाही. बांधावर आपणच राखलेला खैर तोडायचा तर अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्याआधी इंग्रजांचा १९२७ चा वन कायदा आहेच. त्याच्या लेखी काथ जंगलातून आलेला असो वा नसो, वनोपजच!

मग शेतकरी काय करतो? आपोआप उगवलेली बाभूळ राखतो. रामकाठी असली तर नक्कीच. ती सरळ वाढते, पिकावर सावली धरत नाही. नांगर, वखर, गाडीचे चाक, कुंपणाला काट्या, शेळ्यांना शेंगा, डिंक, सरपण, सगळे तिच्यातून निघते. खैराचे रोप दिसले की मात्र उपटतो. आज रोप, उद्या पंचनामा!

शहरातले पर्यावरणवाले म्हणतात, कायदा नसता तर खैर संपला असता. काथ खैराच्या आतल्या लाल लाकडातून निघतो, त्याला भाव आहे, म्हणून जंगलातला खैर चोरीला जातो, हे खरे. पण ज्याला भाव आहे ते पीक लावायला शेतकऱ्याला कधी सक्ती करावी लागली? भाव असूनही बांधावर खैर नाही, हा दोष कुऱ्हाडीचा नाही, परवान्याचा आहे. बांधावर खैर पिकला तर जंगलातल्या खैरावरचे घावही कमी होतील.

बाभूळही सुखात नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला, अवजारे लोखंडाची झाली. लाकडाचे गिऱ्हाईक गेले तशी बांधावरची बाभूळही चालली. उपयोग आणि किंमत हेच झाडाचे खरे कुंपण.

२०१७ साली केंद्राने शेतातल्या बांबूला वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून मोकळे केले. मग खैराने काय घोडे मारले?

जिल्हा मेळाव्यात ठराव करा : शेतातला खैर यादीतून वगळा, सातबाऱ्यावरची नोंद हाच परवाना समजा. जंगलातला खैर सरकारने राखावा, बांधावरचा आम्ही राखू. झाडे लावा म्हणून सांगायला येऊ नका. आमचे झाड आम्हाला विकू द्या, मग मोजायला या!