दोन चिठ्ठ्या, एक रोगी

१९९३ सालच्या सप्टेंबरात जपानमध्ये नागिणीवरचे एक नवे औषध बाजारात आले. त्याचे नाव सोरिव्ह्युडिन. औषध गुणकारी होते, सरकारमान्य होते, आणि डॉक्टरांनी ते योग्य त्या रोगावरच दिले होते. तरीही अवघ्या काही आठवड्यांत १५ रोगी दगावले. हे रोगी कर्करोगाचे होते आणि फ्लुओरोयुरासिल या जातीची औषधे त्यांना आधीपासून चालू होती. सोरिव्ह्युडिनपासून आतड्यातील जंतू जो पदार्थ तयार करतात तो यकृतातील एक एन्झाइम कायमचे निकामी करतो, आणि फ्लुओरोयुरासिलचा निचरा करण्याचे काम नेमके त्याच एन्झाइमकडे असते. निचरा थांबला, विष साठले, रक्तपेशी निर्माण करणारी अस्थिमज्जा कोलमडली. ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत, अशी सूचना माहितीपत्रकात छापलेली होती. पण त्या काळी जपानमध्ये कर्करोगाचे निदान रोग्यापासून लपवून ठेवण्याची पद्धत सर्रास रूढ होती. ज्यास आपल्या रोगाचे नावच ठाऊक नाही, तो नागिणीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरास सांगणार तरी काय?

जपानची ही कथा आज सांगण्याचे कारण आपल्याच घरांत आहे. ‘दादांच्या कानावर घालू नका; साधी गाठ आहे एवढेच सांगा’ हे वाक्य मुंबई-पुण्याच्या कोणत्या इस्पितळाच्या व्हरांड्यात ऐकू येत नाही? त्यामागील माया आम्ही जाणतो. परंतु साठी उलटलेल्या माणसास कर्करोग होतो तेव्हा बहुधा रक्तदाबाची, हृदयाची वा मधुमेहाची गोळी त्याच्या उशाशी आधीपासून असते. कर्करोगाची चिठ्ठी एका इस्पितळाची, हृदयाची दुसऱ्याची, आणि तापखोकल्याची कोपऱ्यावरच्या दवाखान्याची. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बिनचूक असते. त्या तिन्ही एकत्र मांडून वाचणे हे मात्र कोणाचेच काम नसते.

एक उदाहरण घेऊ. हृदयात कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रोग्यास रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन वा तत्सम गोळी जन्मभर घ्यावी लागते. त्याच्या आतड्यात कर्करोग उद्भवला आणि कॅपेसिटाबिन सुरू झाले, तर वॉरफरिनचा प्रभाव वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आणि तो पहिल्या काही दिवसांत होईल वा काही महिन्यांनी, याचा नेम नाही. अशा रोग्याची आयएनआर तपासणी नेहमीपेक्षा पुष्कळ वारंवार करावयास हवी. यात भर पडते ती आहाराची. पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या विरुद्ध काम करते, म्हणून तिची मात्रा रोग्याच्या रोजच्या जेवणाशी जुळवून ठरलेली असते. रसायनोपचारांनी तोंडाची चव गेली, भाजी सुटली, पेजेवर दिवस निघू लागले, की तीच मात्रा जड होते. अन्न कमी जाऊ लागले ही बातमी हृदयरोगतज्ज्ञास कोणी कळवीत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

‘उपाशीपोटी गोळी घेऊ नये’ हा आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा ठाम नियम. पुष्कळ औषधांना तो योग्यही आहे. परंतु एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात त्या निलोटिनिबच्या नेहमीच्या कॅप्सूलपूर्वी दोन तास व नंतर एक तास काहीही खावयाचे नसते. अन्नाबरोबर घेतल्यास औषध रक्तात अधिक उतरते, आणि ते अधिक झाल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून प्राणावर बेतू शकते. प्रेमाने पुढे केलेला शिऱ्याचा घास येथे घातक ठरतो.

फळांची गोष्ट याहून विलक्षण आहे. कॅनडातील लंडन या शहरात डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपावी म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातील औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक भरले. दोष मद्याचा नव्हता, रसाचा होता! १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणापासून ग्रेपफ्रूटविषयीची ताकीद कोलेस्टेरॉलवरील काही गोळ्यांवर आणि कर्करोगाच्या अनेक नव्या औषधांवर आली. आपल्या बाजारात ग्रेपफ्रूट क्वचितच दिसते, म्हणून आपण ती ताकीद वाचून सोडून देतो. पण ग्रेपफ्रूट हे पपनस व संत्रे यांच्या संकरातून जन्मलेले फळ आहे, आणि औषधास अडविणारी द्रव्ये पपनसातही असतात. गोव्या-कोकणात गणपतीच्या माटोळीला बांधलेले पपनस विसर्जनानंतर घरोघर सोलले जाते. त्याविषयी इंग्रजी माहितीपत्रक बहुधा मूक असते. आणि गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून कागदी पाकिटात घालून देण्याच्या आपल्या रीतीत ते पत्रक ग्राहकाच्या हाती पडतच नाही.

औषधांची अशी टक्कर क्षणात दाखविणारी संगणकीय साधने आता इस्पितळांत आहेत हे खरे. परंतु त्यांत जे नोंदविले नाही ते त्यांस दिसत नाही, आणि ती इतक्या बारीकसारीक बाबतींत घंटा वाजवितात की थकलेला डॉक्टर महत्त्वाची घंटाही दुर्लक्षितो. आमच्या मते या कामाचा खरा धनी औषधांच्या दुकानातील फार्मासिस्ट आहे. चिठ्ठीतील औषधांचे परस्परसंबंध तपासणे व रोग्यास समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य २०१५ च्या फार्मसीविषयक नियमांत नमूद आहे. शासनाने ते अंमलात आणावे. पदवीधर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि काउंटरवर मात्र शाळा सोडलेला मुलगा, हा प्रकार अन्न व औषध प्रशासनाने किती काळ चालू द्यावयाचा?

जपानमध्ये रोग्याने आपल्या औषधांची लहानशी वही जवळ बाळगण्याची प्रथा पुढे रुजली. तिच्या उगमाशी सोरिव्ह्युडिन प्रकरणाचे नाव जोडले जाते. तशी वही प्रत्येक कर्करोग रुग्णालयाने पहिल्याच भेटीत द्यावी, असे आम्ही सुचवितो. तीत गोळ्यांबरोबर काढे, गव्हांकुराचा रस, वैद्यांची चूर्णे, उपासतापास हेही लिहिले जावे. डॉक्टर रागावतील म्हणून जे सांगितले जात नाही ते सारे. आणि तिच्या पहिल्या पानावर रोगाचे नाव असावे, दादांना वाचता येईल अशा अक्षरांत.